भुऱ्याची आंघोळ

जनकाबाईचा कुत्रा वास मारायचा, हे खरंच आहे. तिची बाजू घेणाऱ्यानं आधी एवढं कबूल केलेलं बरं. जानेफळच्या बाहेर मेहकर रस्त्याला तिचं टिनाचं घर, घरामागं मेंढरांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि कुंपणाच्या तोंडाशी हा भुऱ्या. वारा गावाकडं वळला की एसटीची वाट पाहत थांबलेली माणसं पदर, रुमाल, हाताला लागेल ते नाकाला लावायची आणि म्हणायची, "आली जनकाबाई." बाई अजून नाल्यापलीकडंच असायची. पुढं आलेला असायचा तो वास.

तिला त्याचं काडीचंही वाटत नसे. साठी उलटलेली, नवऱ्याच्या मागं बारा वर्षं एकटीच्या जिवावर चौऱ्याऐंशी मेंढरं राखलेली बाई ती. कुणी नाक मुरडलं की तोंडावर सांगायची, "वास हाय तं कामाचा हाय. बसल्या जागी नाई लागला." सरपंच एकदा सहज म्हणाले, की बाई, जरा साबण लावत जा त्याला. तर त्यांना म्हणाली, "तुमी रातभर मेंढरं राखा, मी त्याले साबन लावते." सरपंचांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

आता कामाचा वास म्हणजे काय, ते सांगायला हवं. भुऱ्यानं डोळे उघडले ते मेंढरांत. जनकाबाईनं त्याला पिलू असताना मेंढीच्या कासेला लावलं, लोकरीच्या ढिगात निजवलं. धनगराच्या कुत्र्याला मेंढरांनी आपल्यातलं मानावं लागतं, आणि मेंढरू रंगरूप पाहून कुणाला आपलं मानत नाही. त्याचं सगळं नाकावर. दिवस बुडाल्यावर कुंपणात शिरलेला आपला की लांडगा, हे ते हुंगून ठरवतं. म्हणून या धंद्यात कुत्र्याला आंघोळ नाही. पावसात भिजेल, नाल्यात डुंबेल, तेवढंच.

हे शहाणपण जनकाबाई जन्मतः घेऊन आली नव्हती. तिचं माहेर अमडापूरचं. तिथं आजोबांनीच मेंढरं विकून शेती धरलेली, त्यामुळं तिला बैल ठाऊक, मेंढरं नाहीत. लग्नानंतरचा पहिला पोळा. सासरे रंगराव यांनी दाराशी बैलजोडी धुतली, शिंगं रंगवली, झुली घातल्या आणि बैल मिरवणुकीला नेले. आणि ही नवी सून बघते तर कुत्रा बिचारा बाजूला बसून सगळं टकामका पाहतोय. तिला त्याची दया आली. वर्षभर बैल राबतात तर त्यांचा सण, मग यानं काय घोडं मारलंय? लग्नाच्या पेटीतला मोगऱ्याच्या वासाचा साबण तिनं काढला आणि कुत्र्याला घासून घासून चकचकीत केलं. सणाच्या घाईत पुढचं सासूच्याही ध्यानात आलं नाही, तिला हसू आलं, म्हणाली, "आता याले पुरनपोळी बी दे."

दिवस मावळला, मेंढरं आत गेली, आणि मोगऱ्याचा कुत्रा रोजच्यासारखा त्यांच्यात जाऊन बसायला निघाला. पुढच्या दोन मेंढ्यांनी हुंगलं मात्र, सगळं खांड, अख्खा कळपच, एका अंगाला झालं. काट्यांचं कुंपण मोडलं आणि मेंढरं नाल्याच्या दिशेनं उधळली. त्यात अकरा गेली. काही दरडीवरून पडून, काही लांडग्यानं नेली. रंगराव ओरडले नाहीत, तेच तिला जास्त झोंबलं. ते एवढंच म्हणाले, "पोरी, त्याच्या अंगाले पुन्हा खांडाचा वास लागेलोक त्याच्या जागी पहारा तुहा." वीस दिवस ती नवी नवरी काठी घेऊन कुंपणाच्या तोंडाशी बसली. त्यानंतर चाळीस वर्षांत पाच कुत्रे झाले. एकाच्याही अंगाला तिनं साबणाचा थेंब लागू दिला नाही.

म्हणून सुनेनं, काजलनं, तोंड उघडलं तेव्हा ते काही साध्या बाईसमोर उघडलं नव्हतं.

काजल मलकापूरची. स्टेशनामागं तिच्या वडिलांचं किराणा दुकान. पोरगी वाईट नाही, कामाला वाघीण. पण तिचं बाळ आठ महिन्यांचं, रांगायला लागलेलं, आणि भुऱ्या दिवसा ओट्याखाली सावलीला यायचा. दिवाळीपासून ती सांगत होती, "आत्याबाई, हा वास पह्यलेसारखा नाई. येगळाच काई तरी आंबूस हाय."

"तुह्या नाकाले अजून मलकापूरची हवा लागेल हाय," जनकाबाई म्हणायची.

"तो दिवसभर झाडाले अंग घासते."

"गोचीड असतीन. जातीन."

संक्रांत झाली आणि बाळाच्या हातावर लाल पुरळ उठलं. काजलनं सासूला काही म्हटलं नाही, नवऱ्याला म्हटलं. शेखर पिकअप चालवतो, मळ्यांमधला भाजीपाला मलकापूरला पोचवतो. मुलगा आईचाच, हट्टाला कमी नाही. सोमवारी सकाळी गाडी पुसता पुसता म्हणाला, "माय, शनिवारलोक त्याले धू. नाई तं गाडीत घालतो अन् मलकापूरच्या पुढं हायवेवर सोडून येतो."

"सोड," जनकाबाई म्हणाली. "पन दोन जागा ठेव. एक त्याची, एक माही. आमचा दोघाइचा वास एकच हाय."

"मस्करी नाई करून राह्यलो मी. पोराच्या अंगावर उठलं हाय."

"मी बी नाई करून राह्यली."

"शनिवार म्हंजे शनिवार," शेखर म्हणाला आणि गाडी घेऊन गेला.

तोंडानं ती टणक राहिली, पण आतून चरकली होती. कुंपणात त्या दिवसांत बावीस कोकरं होती, त्यातली निम्मी पंधरा दिवसांच्या आतली. नाल्यापलीकडं लांडगा फिरत होता, दोन वेळा ठसे दिसले होते. भुऱ्या गेला तर आठवडाभरात खांडाचं काय होईल, हे तिला सांगायला ज्योतिषी नको होता. आणि भुऱ्याला धुतलं तरी तेच. धुतलेला कुत्रा म्हणजे नसलेला कुत्रा. पोरगा म्हणे एक कर, नाहीतर दुसरं कर, आणि दोन्हीकडून मरण मेंढरांचंच.

बुधवारी मेंढरांना लस टोचायला डॉक्टरीणबाई आल्या. मंजुश्री नाव, वय तिशीच्या आतलं, पायात गमबूट. काम आटोपलं आणि त्यांचं लक्ष भुऱ्याकडं गेलं. जनकाबाई तयारच होती, ही नाक दाबणार आणि आपण दोन सुनावणार. पण बाईंनी नाक दाबलं नाही. त्या उकिडव्या बसल्या आणि त्याच्या मानेवरचे केस दोन्ही हातांनी बाजूला केले.

"मावशी, इकडं या. बघा हे."

जनकाबाई वाकली. केसांखाली कातडं लालभडक, जाड, जागोजागी चिघळलेलं. कानामागं गोचिडांचे घोस.

"हा कामाचा वास नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खरूज आहे. कातडी सडायला लागलीय. दोन-तीन महिने तरी झाले असतील. घरात कुणाला खाज वगैरे?"

जनकाबाईनं बाळाच्या हाताचं सांगितलं. सांगताना तिचा आवाज खाली गेला. तिनं एक बोट त्या कातड्यावर ठेवलं आणि भुऱ्या कण्हला. लांडग्याच्या अंगावर जाताना न कण्हलेला कुत्रा. दिवाळीपासून हा असल्या अंगानं पहारा देत होता आणि आपण गावभर छाती काढून सांगत होतो, की वास कामाचा आहे. सून नाकानं ओळखत होती आणि आपण तिलाच मलकापूरच्या हवेवरून टोमणे मारत होतो. जनकाबाईला स्वतःची लाज वाटली. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली.

डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून बाटली काढली. "हे पाण्यात मिसळायचं, कातडीपर्यंत भिजवायचं, वरून धुवायचं नाही, वाळेपर्यंत चाटू द्यायचं नाही. हाताला प्लास्टिक बांधा. दर आठवड्याला एकदा, असं तीन वेळा. वास जाईल बघा."

"तोच तं घोर हाय बाई," जनकाबाई म्हणाली आणि तिनं मोगऱ्याच्या साबणाची सगळी हकिकत सांगितली.

बाईंनी ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. "मग थोडे दिवस त्याला लांब बांधा."

"अन् लांडग्याले काय सांगू? थोडे दिवस तू बी लांब राह्य म्हनून?"

जनकाबाईनं बाटली हातात घेतली, बूच काढून वास घेतला. उग्र, कडू. तिनं बूच लावलं आणि विचारलं, "हे मेंढराइले चालते का?"

"चालतं. गोचिडांसाठी मेंढ्यांनाही हेच देतो आम्ही."

"पिलाइले?"

"लहान पिल्लांना अजिबात नको."

"पिलं राहू द्या. ते मायले आवाजावरूनच धरतेत," जनकाबाई म्हणाली. "मंग अजून बाटल्या लिहून द्या."

"किती?"

"पिलं सोडून चौऱ्याऐंशी मेंढरं अन् एक कुत्रा. तुमीच हिशोब करा."

शनिवारी ऊन चांगलं तापल्यावर तिनं सुरुवात केली. शेजारच्या मळ्यात रहेमतुल्ला वांगी-मेथी करतो, त्याच्या विहिरीची मोटर मागून घेतली, लांब पाइप ओढला, तीन टिपाडं भरून ठेवली. रहेमतुल्ला बांधावर उभा राहून पाहत होता. म्हणाला, "भाभी, एक कुत्ते के वास्ते पूरी बारात नहलाओगी क्या?"

"एकट्याले धुतलं तं तो परका व्हते, भाऊ. साऱ्याइले धुतलं तं परका कोन?"

रहेमतुल्लानं टोपी मागं सारली आणि तो पुन्हा मोटर चालू करायला गेला.

पहिला भुऱ्या. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून तिनं तांब्या तांब्यानं औषधाचं पाणी त्याच्या केसांत मुरवलं, आणि चाटू नये म्हणून तोंडाला मऊ फडकं बांधलं. तो थरथरत उभा राहिला, पळाला नाही. मग मेंढरं. एक धरायचं, गुडघ्यांत दाबायचं, भिजवायचं, सोडायचं. चार मेंढरांत तिची कंबर धरली. एसटीची माणसं रस्ता सोडून बांधापर्यंत आली होती. कुणी तरी ओरडलं, "जनकाबाई, गावाले बी घाल आंघोळ."

"नंबर लाव," ती मान न उचलता म्हणाली.

आठवं की नववं मेंढरू असेल. काजल पदर खोचून आली. बाळाला शेजारणीकडं ठेवून. हाताला पिशव्या बांधूनच आली होती. "आत्याबाई, तुमी ओता, मी धरते," म्हणाली आणि तिनं मेंढी अशी आवळली की ती हललीच नाही. दोघींनी दहा-बारा मेंढरं हातावेगळी केली. मग जनकाबाईनं तांब्या खाली ठेवला आणि गावच्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "तुह्यं नाक खरं व्हतं. चुकली ते मी."

काजलनं पुढची मेंढी ओढली.

शेखरची पिकअप आली तेव्हा शेवटचं मेंढरू ओलं होत होतं. दोन्ही बायका चिंब, बांधभर चिखल, आणि चौऱ्याऐंशी मेंढरं उन्हात वाफाळत उभी. "हे काय करून राह्यले तुमी?" तो म्हणाला.

ऊन उतरलं, अंगं वाळली, आणि तिनं भुऱ्याच्या तोंडाचं फडकं सोडलं. पिलं त्या रातीपुरती वेगळ्या आडोशाला कोंडून खांड आत घेतलं. भुऱ्या कुंपणाच्या तोंडाशी येऊन थांबला. शेपूट खाली. त्यालाच स्वतःचा वास ओळखेना. जनकाबाई काठी घट्ट धरून उभी होती. पोळ्याच्या त्या सांजेला ती याच जागी उभी होती, फक्त तेव्हा तिला काही कळत नव्हतं.

"जाय," ती भुऱ्याला म्हणाली. "जाय बाबा."

तो आत गेला. पुढच्या म्हाताऱ्या मेंढीनं मान वर केली. पुढं आली, त्याला हुंगलं. मग शेजारच्या मेंढीला हुंगलं. पुन्हा त्याला हुंगलं. खांडातलं एकही मेंढरू हललं नाही. मेंढीनं तोंड वळवलं आणि रवंथ करायला लागली. तिच्यामागून आडोशातून निसटलेलं एक कोकरू धडपडत भुऱ्याजवळ गेलं, तसं जनकाबाईनं ते चटकन उचलून आपल्या पोटाशी धरलं, कारण औषध अजून ताजं होतं. भुऱ्या हळूच खाली बसला आणि त्यानं पायांवर तोंड टेकलं.

जनकाबाई शेखरकडं वळली. डोळे भरले होते, पण आवाज तोच.

"आज शनिवार हाय," ती म्हणाली. "घेऊन जाय. फक्त डोळे मीट, अन् वासावरून काढून दाखव कोनता तुहा कुत्रा."

शेखर कुंपणाजवळ आला. सगळीकडून एकच कडू औषधाचा वास येत होता, त्याच्या आईच्याही अंगाला, बायकोच्याही. त्यानं चावी खिशात टाकली.

"अजून किती डाव धुवा लागते?"

"दोन."

"पुढच्या शनिवारी किती वाजता?"

"दहाले," जनकाबाई म्हणाली. "अन् गाडी नको आनू. बादल्या आन."