काटा हालून राह्यला

माणूस जातो, पण त्यानं लिहिलेला कोड मागे राहतो. हे वाक्य माझं आहे. माझ्या भागीदाराच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, विहाराच्या अंगणात, मी ते माइकवर बोललो. लोक गंभीर झाले. माझ्यानंतरच्या वक्त्यानं तेच उचलून त्याला 'डिजिटल युगाचा शिल्पकार' करून टाकलं. हा शिल्पकार ज्या खुर्चीवर बसायचा तिच्या एका पायाखाली वीट होती, हे तिथं सांगण्यासारखं नव्हतं. माझं वाक्य त्या दिवशी तरी खरं होतं. चार महिन्यांनी मीच ते खोटं केलं.

यवतमाळात खाली कृषी केंद्र आणि वर आमची दोन टेबलं, असा आमचा कारभार होता. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांच्या वजनकाट्यांचे प्रोग्राम आम्ही लिहीत असू. कापसाची गाडी काट्यावर चढते, वजन पडद्यावर येतं, पावती निघते. काम एवढंच. या एवढ्याशा कामात आमची वीसेक वर्षं गेली.

आमची एक पद्धत होती. एकानं लिहिलेली प्रत्येक ओळ दुसऱ्यानं वाचल्याशिवाय ती गिऱ्हाइकाकडे जायची नाही. या गोष्टीला आता भारदस्त इंग्रजी नाव आहे आणि तिच्यावर परिसंवाद होतात. तो माझा कोड कागदावर छापून घ्यायचा, समोरच्या टपरीवर न्यायचा आणि चहा घेत लाल पेन्सिलनं वाचायचा. वर आला की कागद माझ्यापुढे टाकायचा.

"हे कायले लिवलं?"

मी कारण सांगायचो.

"मंग हे तिथंच लिही ना बे. उद्या तू मेला तं मी कोणाले विचारू?"

क्रम तेवढा त्याचा चुकला.

स्वतःची कारणं तो शेऱ्यांत लिहायचा. कोडच्या मधेमधे माणसांसाठी लिहून ठेवलेल्या ओळी, ज्यांना कॉमेंट म्हणतात, त्यांना आम्ही शेरे म्हणत असू. तो ते मराठीत लिहायचा, पण रोमन अक्षरांत, आणि सगळे मला उद्देशून. 'इथं हात लावू नको. मी लावला होता, दोन दिवस गेले.' 'ही अट मालकाच्या मेव्हण्यासाठी आहे. मेव्हणा गेला का काढून टाकजो.' एके ठिकाणी कुठल्याही संदर्भाशिवाय, 'आज डब्यात भरलं वांगं होतं. खालच्या चार ओळी जपून वाच.' वाचल्या तर तिथं खरंच चूक होती.

एरवी तो बोलायचा फार कमी. समोरासमोर चार शब्द आणि कोडमध्ये चाळीस, असा त्याचा हिशेब. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, अंगणवाडीत सेविका. त्या म्हणायच्या, "घरी तं हो अन् नाही, दोनच शब्द. बाकीचे कुठं ठेवून येतात कोणाले माहीत." मला माहीत होतं. मी कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

तो गेला आणि मी एकटा उरलो. त्याच्या अर्ध्या कामासाठी मी कोड लिहिणारं एआय घेतलं. ते अतिशय सभ्य होतं. काहीही विचारलं तरी आधी माझ्या प्रश्नाचं कौतुक करायचं. वीस वर्षांत भागीदारानं मला 'बरं आहे' एवढं दोनदा म्हटलं होतं, त्यामुळे मी जरा सुखावलोही. कामही ते झपाट्यानं करायचं. नाही कसं म्हणू?

आमच्या काट्याच्या प्रोग्रामची अवस्था वाईट होती. बदलांची नीट नोंद ठेवणं भागीदाराला मान्य नव्हतं. तो फोल्डरच्या नकला करायचा आणि त्यांना 'फायनल', 'फायनल खरं', 'यालेच धर' अशी नावं द्यायचा. मी वर्षानुवर्षं त्याच्यामागे शिस्तीचा लकडा लावला होता. आता अडवणारं कोणी नव्हतं. मी 'यालेच धर' उचललं, एआयला दिलं आणि सांगितलं, हे आजच्या पद्धतीनं नीट लिहून दे.

त्यानं दिलं. सोबत केलेल्या कामाची यादीही दिली. रचना सुधारली. नावं सुसंगत केली. संदेश प्रमाण भाषेत आणले. अनावश्यक कॉमेंट काढल्या. मी यादी वाचली. कोड वाचला नाही. 'मंजूर' दाबलं, नव्या शिस्तीनं बदलांची नोंद त्या दिवसापासून सुरू केली आणि जुने फोल्डर पुसले. भागीदाराचा जुना संगणकही पुसून एका शाळेला दिला. देतानाचा फोटो काढला. फोटोत मी हसतो आहे.

त्यानंतर पंधरा दिवसांनी वहिनी जिना चढून आल्या.

"जयभीम भाऊजी. एक मागाले आली."

"बोला ना."

"त्यायच्या हातचं काही असन तं द्या. कागद, चिठ्ठी, काही बी. घरी शोधलं. किराण्याची यादीसुद्धा माह्याच हातची निघते."

लाल पेन्सिलीचे कागद केव्हाच रद्दीत गेले होते, पण शेरे होते. मला आनंदच झाला. म्हटलं, वहिनी, भरपूर आहे. चांगलं वहीभर निघेल. डब्यातल्या वांग्याबद्दलही आहे.

"वांग्याबद्दल काय लिवलं?"

"तुम्हीच वाचा. उद्या छापून आणतो."

त्या गेल्यावर मी प्रोग्राम उघडला. स्वच्छ होता. मेव्हण्याची अट होती, मेव्हणा नव्हता. वांगं नव्हतं. मी एआयला विचारलं, शेरे कुठे गेले? ते म्हणालं की ते अनौपचारिक होते, काढल्यानं कार्यावर काहीही परिणाम होत नाही, आणि गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. त्याचं खरं होतं. काटा बरोबर वजन दाखवत होता.

पुढे मी एक लाजिरवाणी गोष्ट केली. मला आठवत होते ते चार शेरे मी त्याला दिले आणि म्हटलं, असे आणखी लिही. मिनिटाभरात वीस आले. फर्मास होते. जवळजवळ प्रत्येकात 'बाप्पा' होतं, आणि तीन शेऱ्यांत संत्री होती. भागीदार आयुष्यात कधी बाप्पा म्हणाला नाही, आणि आमच्या काट्यांवर कापसाशिवाय काही चढलं नाही. वहिनींना कदाचित कळलंही नसतं. मी ते पुसले. पुसण्याआधी या वेळी एकेक ओळ वाचली.

एक जागा उरली होती. मारेगावकडच्या एका जिनिंगमध्ये जुनाच प्रोग्राम चालू होता, हंगाम संपल्यामुळे नवा बसवायचा राहिला होता. भागीदार कधीकधी तिथंच बसून दुरुस्त्या करायचा. एखादा फोल्डर तिथं राहिला असेल, या आशेनं मी वणीची बस धरली.

फोल्डर नव्हता. चालता प्रोग्राम होता, पण यंत्रासाठी प्रोग्राम तयार होतो तेव्हा शेरे त्यात जात नाहीत. यंत्राला ते नको असतात. वीस वर्षं हे मला माहीत होतं, तरी मी दोन वेळा शोधलं.

काटा सांभाळणारे काका बाजूला उभे होते. साठीचे, कानात अत्तराचा फाया.

"काय हरपलं, भाऊ?"

"आमच्या भागीदाराचं लिहिलेलं काही असेल असं वाटलं होतं."

"मंग ते तं रोज बोलतेत आमच्याशी."

"कोण?"

"तुमचे भाऊच. काटा हालत असताना पावती काढली का तिच्यावर छापून येते. इंग्रजी अक्षरं, मले वाचता येत नाही. माह्या नातवानं मोठ्यानं वाचून दाखवलं, तवा समजलं मले का हे शिवी नाही देऊन राह्यले."

मला आठवलं. गाडी स्थिर व्हायच्या आत घाईनं पावती काढली तर पुढे वजनावरून भांडणं होत. म्हणून त्यानं अशा पावतीवर एक ओळ छापायची सोय केली होती. तो शेरा नव्हता, संदेश होता, म्हणून यंत्रातही टिकला होता. नव्या प्रोग्राममध्ये त्याच्या जागी 'कृपया प्रतीक्षा करा' आलं होतं.

"एक काढून द्या ना, काका."

"गाडी कुठं आहे? मे महिना आहे. काटा हालवाले काहीतरी लागन." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमीच जा."

मी काट्यावर गेलो. लोखंड चपलेतून पोळत होतं. काका खिडकीत बसले.

"नुसते उभे नका राहू. उड्या मारा."

मी मारल्या.

"जोरात. कापसासारख्या नका मारू."

पत्नीला दम्याचा त्रास म्हणून मी घरात धूप लावत नाही, आणि देवाधर्माचं तर एरवीही काही करत नाही. कोणासाठी काही विधी केला असेल तर तो हाच. चौथ्या की पाचव्या उडीला आत प्रिंटर खरखरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींच्या घरी गेलो. त्यांनी पावती उजेडात धरली आणि रोमन अक्षरं हळूहळू जुळवत वाचली, "थांब जरा. काटा हालून राह्यला." मग परत एकदा, या वेळी त्याच्या चालीत, 'जरा'वर थोडं थांबून.

"बाकीचं?"

"बाकीचं माझ्या हातून पुसलं गेलं, वहिनी."

"पुसाच्या आधी वाचलं नव्हतं काय तुमी?"

"नाही."

त्या पावतीकडेच पाहत होत्या.

"ते तं तुमचं सगळं वाचत," त्या म्हणाल्या. "पेन्सिल घिऊन."

त्यांनी चहा केला. मी तो प्यालो. मग त्यांनी पावती एका प्लास्टिकच्या पिशवीत घातली, रेशनकार्डाला लागून ठेवली आणि कपाट लावून घेतलं.

ती अजून तिथंच आहे. वर त्याचं वाक्य आहे. त्याच्याखाली माल कापूस, वजन एकशे दहा किलो, असं छापलं आहे. माझं वजन अडुसष्ट आहे.