तिनं भरलेला शेवटचा ट्रे

मी आणि माझी बायको, दिन्याची आय, आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे फ्रीजरमधला बर्फ काढणं. शनिवार होता. तिनं सकाळीच बटण बंद केलं, फ्रीजरमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवलं, दार लावलं आणि माझ्यापुढं किसणी नि खोबऱ्याच्या वाट्या सरकवल्या. म्हणाली, "तुमी खोबरं किसा. तिकडं हात लावायचा नाय. बर्फ आपल्या टायमाला पडतो." मागं एकदा घाईघाईत मी विळ्याच्या टोकानं बर्फ खरवडला होता. आतली नळी फुटली असती तर फ्रीज कायमचा गेला असता. हे मेकॅनिकनं मला एकदा सांगितलं. तिनं दर शनिवारी सांगितलं.

बर्फ पडला. तिनं खण पुसले, दाराचं रबर कोमट पाण्यानं धुतलं, बटण चालू केलं. मग कांदा-खोबरं भाजून वाटण केलं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजरात ठेवलं. बारा खण. एका कालवणाला एक तुकडा. आम्ही जेवलो. मी ओटीवर विळ्याला धार लावत बसलो, ती स्वयंपाकघराच्या दारात चटई टाकून आडवी झाली. तीन वाजता मी चहासाठी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा उठून आत गेलो. तिच्या हाताला भाजलेल्या खोबऱ्याचा वास तसाच होता, हात मात्र गार होता.

टोकावड्याहून डॉक्टर आला. म्हणाला, दोन तास झाले असतील. दोन तास मी दहा हातांवर बसून दगडावर विळा घासत होतो. फ्रीज बंद पडला तर तिला अंगणातून कळायचं. ती बंद पडली आणि मला कळलं नाही. डॉक्टर काय काय बोलत होता. मी विचारलं, "पण ती आत्ताच जेवली." त्याला मी हे तीनदा विचारलं म्हणतात.

आता बाई कशी होती ते सांगतो. गावात तिला सगळे दिन्याची आय म्हणत. बारशाला कोण बोलावो न बोलावो, मयताला तिला बोलवावं लागत नसे. मयत अंगणातून हललं की ती पदर खोचून त्या घरात शिरायची आणि घर रिकामं करायची. हंडे, कळश्या, माठ, सगळं पाणी ओतायची. शिजलेलं, वाटलेलं, भिजवलेलं जे असेल ते बाहेर. ही आमच्याकडची रीतच आहे. पण बाकीच्या बायका डोळे पुसत पुसत करतात, ही कोरड्या डोळ्यांनी करायची. म्हणायची, "गेलेल्याच्या हातचं घरात राह्यलं की त्याचा पाय अडकतो. तो जात नाय नि मागल्यांना जगू देत नाय."

शेजारच्या हिराचा नवरा गेला तेव्हाची गोष्ट. त्यानं सकाळी ओढ्यातून चिंबोऱ्या, मोठाले खेकडे, धरून आणल्या होत्या आणि स्वतःच्या हातानं कालवण केलं होतं. टोप चुलीवर तसाच होता. हिरानं हिचे पाय धरले. "एक वाटी राहू दे गो. त्याच्या हातचं हाय." हिनं टोप उचलला, परसात नेऊन पालथा घातला, राखेनं घासून हिराच्या हातात दिला. हिरा वर्षभर हिच्याशी बोलली नाही. मीही त्या दिवशी म्हणालो, "तुला काळीज हाय का दगड?" तर म्हणाली, "मी मेले की बघा."

अशा बाईच्या घरात हा फ्रीज आला. आमचा दिन्या वाशिंदला नव्या इमारतींत स्वयंपाकघरातली कपाटं बसवतो. एका फ्लॅटवाल्यानं चांगलं किचन तोडून नवं केलं आणि जुना फ्रीज दिन्याला देऊन टाकला. हा फ्रीज एकटा उभा राहायचा नाही, कपाटाच्या पोटात बसवायचा. दाराला बाहेरून कपाटाचीच फळी. दिन्यानं गावच्या घरात भिंतभर कपाटं केली आणि त्यात तो असा बसवला की कुठलं दार भांड्यांचं नि कुठलं फ्रीजचं, सांगता यायचं नाही.

दिन्यानं लेव्हलची पट्टी लावून दाखवली, बुडबुडा बरोबर मधे. हिचा विश्वास बसला नाही. तिनं काठोकाठ पाण्याची वाटी आत ठेवली, खाली वाकून डोळा लावला. म्हणाली, "मागं कलतंय." दिन्या हसला, "आये, तुझी वाटीच वाकडी." तिनं दुसरी वाटी आणली. तीही कलली. शेवटी दिन्यानं मागचा पाया अर्धा आटा फिरवला तेव्हा गप्प झाली. टेम्पोतून आडवा-तिडवा आलाय, आतलं तेल खाली बसू दे, म्हणून दिन्या बटण दाबू नको म्हणाला, तर दिवसभर पाट टाकून राखण करत बसली. मी नुसता हात वर केला तरी ओरडायची, "बाळंतिणीला लगेच उठवतात का?"

पाहुणे आले की तिचा खेळ ठरलेला. "पाणी घ्या. फ्रीजमधलं घ्या. कुठं हाय? शोधा." माणूस एकेक दार उघडायचा. एकात डाळीचे डबे, एकात परात, एकात तिची मिसरीची डबी. ती तोंडावर पदर धरून हसायची. एवढी हसताना मी तिला लग्नातही पाहिली नव्हती.

पण पहिल्याच हंगामात तिनं फ्रीज मारलाच होता. कपाटाच्या खाली पायाशी एक जाळी आहे आणि वर छताजवळ चार बोटं फट आहे. खालून गार हवा आत जाते, वरून गरम बाहेर पडते. दिन्यानं हे दोनदा सांगितलं होतं. पण भात घरात आलं की उंदीर येतात आणि उंदरामागं जनावर येतं. आमच्याकडं सापाला नाव घेऊन बोलत नाहीत. एका संध्याकाळी तिला जाळीपाशी काहीतरी सळसळताना ऐकू आलं म्हणे. तिनं जुन्या हिरव्या लुगड्याचा बोळा करून जाळीत गच्च कोंबला, वरच्या फटीतही एक कोंबला. मला म्हणाली, "आता मुंगी जायची नाय." मीही म्हणालो, शहाणी आहेस.

चार दिवसांत कपाट तव्यासारखं तापलं. दूध नासलं, बोंबील वास मारायला लागले. मुरबाडचा मेकॅनिक आला, गुडघ्यावर बसला आणि जाळीतून ते लुगडं ओढत राहिला, ओढत राहिला. म्हणाला, "मावशी, ह्याचं नाक दाबलंत तुमी. अजून दोन दिवस, की मेलाच होता."

तिचं तोंड उतरलं. त्या रात्री जेवली नाही. सकाळी उठून तिनं मच्छरदाणीची बारीक जाळी कापून खालच्या जाळीला शिवली. हवा जाईल, जनावर नाही. आणि त्या दिवसापासून रोज सकाळी चहाच्या आधी ती पाटावर चढायची आणि वरच्या फटीपाशी तळहात धरून उभी राहायची. गरम वारा हाताला लागला की उतरायची. "चालू हाय." दर शनिवारी जुन्या ब्रशानं जाळीची धूळ काढायची. लाईट गेली तर दाराला हात लावू द्यायची नाही. मी म्हणायचो, "माझा तरी कधी श्वास बघितलास का गो?" ती म्हणायची, "तुमचा सगळ्या गावाला ऐकू येतो."

ते लुगडं मात्र टाकलं नाही. लेकीकडं चार दिवस जायचं असलं की फ्रीज रिकामा करून, पुसून, बटण बंद करून, दार लागू नये म्हणून त्याच लुगड्याची घडी दारात अडकवायची. दार लावून बंद ठेवला तर आत कुबट वास धरतो. "ज्यानं नाक दाबलं त्यानंच आता उघडं ठेवावं," असं म्हणायची.

ती गेली त्या संध्याकाळी दिवस बुडायच्या आत सगळं उरकलं. दिन्या आला होता, लेक आली होती. मी काय केलं, कुठं उभा होतो, मला आठवत नाही. पायात दोन वेगळ्या चपला होत्या हे घरी आल्यावर दिसलं. आंघोळ करून आत आलो तर खर्डीची माझी वहिनी दारात उभी. आजारपणामुळं ती वर्षानुवर्षं आमच्याकडं आली नव्हती, नवं स्वयंपाकघर तिनं पाहिलेलं नव्हतं. हंडे पालथे घातले होते. दुपारचा भात, आमटी, माठातलं पाणी, सगळं गेलं होतं. दिन्याच्या आयचं काम तिच्याच घरात दुसऱ्या कोणी केलं होतं.

वहिनीनं विचारलं, "भाऊ, सगळं काढलं. अजून शिजलेलं, वाटलेलं काय हाय का कुठं?"

तिच्या मागं कपाटांची भिंत होती. सगळी दारं सारखी. माझ्या डोळ्यांपुढं ते बारा खण आले. तिच्या हातचं. त्याचा पाय अडकतो, असं तीच म्हणायची. मला तिचा पाय अडकायला हवा होता. सकाळी मला दटावणारं माणूस संध्याकाळी नाही, हे मला मान्यच नव्हतं.

मी म्हणालो, "नाय. काय नाय."

चुलीपाशी हिरा उभी होती. तिला फ्रीज कुठल्या दारामागं आहे ते माहीत होतं, कितीदा तरी तिनं त्यातला बर्फ नेला होता. तिनं त्या दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. परात उचलून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात सगळे थकून झोपले होते. चूल पेटवायची नव्हती. हिरा तिच्या घरून चहा नि भाकरी घेऊन आली. ओटीवर ठेवली. मी म्हणालो, "काल तू बोलली नायस."

"नाय बोलले."

"का?"

ती खांबाला टेकून बसली. "भावजी, ठेवायचं तर ठेवा. मी कुणाला सांगत नाय. मी तर मागितलं होतं. तिनं दिलं नाय. वरीसभर शिव्या दिल्या तिला. मग एक दिवस पोरं म्हणाली, आये, चिंबोऱ्या कर. केल्या. त्याच्यासारख्या नाय झाल्या. पण पोरांनी टोप चाटून खाल्ला." चहा माझ्याकडं सरकवून म्हणाली, "ती वाटी राह्यली असती तर मी चूल पेटवली नसती."

हिरा गेली. मी आत गेलो. दिन्याच्या आयपेक्षा हातभर उंच असून मला पाटावर चढावंसं वाटलं, चढलो. फटीपाशी तळहात धरला. गरम वारा आला. चालू होता. त्याला काय माहीत.

दार उघडलं. ट्रे काढला. काल ओलं होतं ते वाटण आता दगड झालं होतं, प्रत्येक तुकड्यावर तिच्या चमच्याचा घाव. एक तुकडा मी तोंडात टाकला. दात बधिर झाले. मग तो हळूहळू सुटला, आधी भाजलेला कांदा, मग खोबरं, मागून लसूण. मीठ नव्हतं. वाटणात ती मीठ घालत नसे, ज्याच्या त्याच्या कालवणात वरून घालायची. मी शेवटपर्यंत तोंडात धरला. हे मी दिन्यालासुद्धा सांगितलं नाही.

उरलेले अकरा परसात नेऊन ट्रे पालथा घातला. एक-दोन निघेनात. आपटले नाहीत, पाणी ओतलं, थांबलो. आपल्या टायमाला पडले. ट्रे राखेनं घासला. फ्रीज आतून पुसला, रबर पुसलं, बटण बंद केलं. आवाज थांबला तशी घरातली बाकीची माणसं श्वास घेताना ऐकू आली. मग खुंटीवरून ते हिरवं लुगडं काढलं, तिच्यासारखी चार पदरी घडी केली, आणि दार लागू नये म्हणून मधे अडकवलं.