जागरणाच्या घोंगडीचा भाव

जागरणासाठी नेलेल्या घोंगडीचा भाव वाढवायचा नाही, असा शब्द बानाबाईच्या सासऱ्यानं खंडोबापुढं दिला होता. सासरा गेला, पण तिच्या नवऱ्यानं, मल्हाररावांनी, तो शब्द मोडला नाही. लष्करी छावणीमागच्या घरात ते अजून माग चालवत, आणि गिऱ्हाईक जुन्याच भावात घोंगडी उचलून नेई.

मधल्या काळात टीव्ही स्वस्त झाला, मोबाइल स्वस्त झाला. या दोघांना लागणारं मात्र सगळंच चढलं: ज्वारी, तूरडाळ, लोकर, कातरणीची मजुरी. सगळ्यांत जास्त चढला मल्हाररावांचा दम्याचा पंप. ते तो एक दिवसाआड ओढू लागले. बानाबाईला रात्रभर त्यांची घरघर ऐकू येई.

मुलगा आप्पा पर्यटकांची गाडी चालवायचा. अजिंठ्याहून परतताना त्यानं एका जपानी बाईला माग दाखवायला घरी आणलं.

"इचार तिला, तिकडं महागाई किती," बानाबाई म्हणाली.

आप्पानं मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं. "म्हणती, लई वर्षं झाली, भाव हाललेच नाय."

"सुखी हायेत बाबा."

"पण नवऱ्याचा पगारबी हालला नाय म्हणती."

"म्हंजी तिथंबी तुझ्या बापासारखं कुणीतरी भाव धरून बसलंय!"

मल्हारराव हसले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. पंप हातात घेऊन त्यांनी तो हलवून पाहिला आणि परत कोनाड्यात ठेवला. "सांजच्याला घेतो."

दुसऱ्या दिवशी नेहमीचं गिऱ्हाईक, रामकिसन, जागरणाची घोंगडी न्यायला आला. धंद्यात कधी मध्ये न बोलणारी बानाबाई उंबऱ्यात आली. "भाव वाढलाय, भाऊ."

"देवाला दिलेला शबुद हाय," मल्हारराव ओरडले.

"लोकर कितीला मिळती, ते देवाला कळत नाय व्हय? शबुद त्याला दिला, आन् जीव माझ्या कुकवाचा चाललाय."

रामकिसन रिकाम्या हातानं गेला. मल्हारराव जेवले नाहीत. बानाबाईनं त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि स्वतःही उपाशीच निजली.

जागरणाच्या आदल्या दिवशी रामकिसन परत आला. बाजारात मिळत होती ती गिरणीची ब्लँकेटं; देवापुढं ती कशी अंथरायची? त्यानं नव्या भावाचे पैसे पुढं केले. मल्हाररावांनी हात मागं घेतला.

"तिच्याकडं द्या."

बानाबाई तशीच औषधाच्या दुकानात गेली. आणलेला पंप तिनं मागाजवळ ठेवला. मल्हाररावांनी भिंतीकडं तोंड करून तो खोल ओढला. कितीला पडला, ते त्यांनी विचारलं नाही.