आग्नेय कोपऱ्यातला बारीक आवाज

आमचं छाणीचं टेनामेंट, म्हणजे बैठं घर, बिल्डरला द्यायचं ठरलं तेव्हा बाबांनी एकच अट घातली: वास्तुपुरुष बरोबर न्यायचा. आजोबांनी वास्तुशांतीला आग्नेय कोपऱ्यात, तांब्याच्या डबीत घालून पुरलेला सोन्याचा वास्तुपुरुष. तो ढिगाऱ्यात गेला तर बाबा नव्या फ्लॅटमध्ये पाऊल ठेवणार नव्हते. बाबा म्हणजे संस्थानच्या हवालदाराचे चिरंजीव, शब्द म्हणजे शब्द! आणि बुलडोझर सोमवारी येणार होता.

पंचाईत अशी, की घर आम्ही तीनदा वाढवलं होतं, आणि दर वेळी आग्नेय कोपरा पुढे सरकला होता. मूळचा कोपरा मागच्या, धुण्याभांड्यांच्या चौकडीत कुठेतरी होता, एवढंच नक्की.

आतेभावाने अमेरिकेहून आणलेला मेटल डिटेक्टर कामी आला. घरात केबल आली होती, मायक्रोवेव्ह आला होता, आता जमिनीचं पोट ऐकणारं यंत्रही आलं. त्याला दोन सेटिंगं. एकात वरवरचं सापडेल ते सारख्याच जोरात वाजायचं, खोलचं मात्र वाजायचंच नाही. दुसऱ्यात खोलचंही वाजायचं, पण वस्तू जितकी खोल, तितका आवाज बारीक. खोलचं शोधायचं तर दुसरं लावा आणि कान देऊन ऐका, असं आतेभाऊ बजावून गेला होता.

बाबांनी पहिलं लावलं. "सोनं काय कुजबुजणार आहे? आपल्या घराण्याचं आहे, ठणकावून बोलेल!"

बोललं की! दोन दिवसांत खिळे निघाले, सोड्याच्या बाटल्यांची बुचं निघाली, आणि जिच्यावरून आईने आत्याशी वर्षभर अबोला धरला होता ती सांडशी निघाली. शेजारच्या गुजराती मासी कुंपणावरून दर तासाला काय सापडलं ते विचारत, "शुं मळ्युं?"

"यंत्रसुद्धा सासरचंच निघालं," आई म्हणाली. "ओरडेल त्याचंच ऐकतं."

रविवारी मी गुपचूप दुसरं सेटिंग लावलं. बाबा हेडफोन चढवून चौकडीभर फिरले. "काही नाही. बिघडलंय हे."

मी हेडफोन माझ्या कानाला लावून त्याच वाटेने फिरले. नळाजवळ, ते नुकतेच उभे होते तिथेच, डास गुणगुणावा तसा आवाज आला. बाबांनी मकरपुऱ्याच्या कारखान्यात तीस वर्षं कानठळ्या बसवणाऱ्या प्रेस मशीनपाशी काढली होती. घरी "तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता" म्हणून ते आमच्यावर डाफरायचे आणि आम्ही पाठीमागे हसायचो. मला स्वतःची लाज वाटली, रडूच आलं.

"बाबा, इथे आहे!" मी ओरडले.

त्यांनी पुन्हा हेडफोन लावला. आता "मला केव्हाच कळलं होतं" म्हणणार, असं मला वाटलं. पण त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"मला नाही गं ऐकू येत," ते म्हणाले. "तू ऐक आणि सांग. मी खणतो."

दीड वीत खाली हिरवी पडलेली डबी निघाली. आत चिंचोक्याएवढा वास्तुपुरुष.

"एवढासा?" आई हळूच म्हणाली.

"काय म्हणालीस?" बाबांनी विचारलं. डाफरले नाहीत, नुसतं विचारलं.

आई उठून त्यांच्या कानाशी गेली आणि तिने परत सांगितलं.