मायबापाला दिलेले मार्क

माझी माय जवळा बाजारला, दादा औंढ्याला. आम्ही बापाला दादाच म्हणायचो. दोघं वेगळे झाले तेव्हा मी चौथीत होते. शाळा असली की मायकडं, सुट्टी लागली की दादाकडं. बाजाराच्या दिवशी स्टँडवर माझी अदलाबदल व्हायची. दोघं दोन हातांच्या अंतरावर उभे, पण बोलणं सगळं माझ्यामार्फत.

"तुझ्या बापाला सांग, पोरीचे केस विंचरत जा म्हणावं."

"तुझ्या मायला सांग, मला डोळे हायेत."

कानात बोटं घालावी वाटायची. भांडा ना बाबांनो, पण एकमेकांशी तरी भांडा!

पाचवीत असताना फारकतीच्या कामासाठी हिंगोलीला कोर्टात जायचं ठरलं. त्या सकाळी मायनं पेटीतली ठेवणीतली जांभळी साडी काढली, तोंडाला पावडर लावली. मी हसले, तर पाठीत धपाटा बसला.

तिथं एका मॅडमनी मला एकटीला आत बोलावलं. पुढ्यात छापील कागद. आईवडील तुझ्याबद्दल एकमेकांशी बोलतात का? तू आजारी पडलीस तर कळवतात का? कधीच नाही, कधीकधी, की नेहमी? प्रत्येक उत्तराला त्या आकडा टाकत होत्या. मला वाटलं, ही परीक्षाच! दोघं पास झाले की एका घरी पाठवतील. त्या एकाच गोष्टीत माझा जीव अडकला होता. मागच्याच सुट्टीत दादानं मला अंगात ताप असताना आणून सोडलं होतं, आणि मायला ते कपाळाला हात लावल्यावरच कळलं होतं. तरी मी सगळ्याला "नेहमी" म्हणाले. आजही त्या कागदाची चीड येते, त्याहून जास्त माझी स्वतःची.

मॅडम खूश. दोघांना आत बोलावून म्हणाल्या, "छान जमतंय की तुमचं! नाहीतर दर महिन्याला समोरासमोर बसवून बोलतं करावं लागतं. तुम्हाला काही गरज नाही. आहे तसंच चालू द्या."

दादानं माझ्याकडं बघितलं.

परतीची एस.टी. एकच होती. दादा पुढच्या सीटवर बसला आणि औंढ्याला उतरून गेला.

गाडी सुटल्यावर मायनं विचारलं, "काहून खोटं बोललीस गं?"

"तुमी पास व्हावं म्हणून."

ती पदरानं पावडर पुसत म्हणाली, "येडे, तिथं त्याच्यासमोर बसवतेत असं ऐकलं व्हतं. म्हणून तर ही साडी नेसले."