जिनिव्हाच्या फॉर्मला जुन्नरचं उत्तर

पुण्याहून सकाळच्या एस. टी.ने निघालो तेव्हा पिशवीत दोन जोडी कपडे आणि जिनिव्हाहून आलेला एक फॉर्म होता. कुणी कुठल्या देशात राहावं, हे हल्ली दिल्ली-कराचीहूनही लांब बसलेली माणसं ठरवू लागली आहेत. त्यांचे कागद घरोघर पोचवायचे, ही आमच्या मदतकार्यालयातली माझी नोकरी.

जुन्नरला इब्राहिमचाचा आणि चाँदबी हे कागदी (हातकागद करणारे) जोडपं राहतं. फाळणीत त्यांचा मुलगा कराचीला गेला. आईवडिलांना कायमचं तिकडे नेण्यासाठी त्याने जिनिव्हाच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेकडे अर्ज केला होता. आता दोघांची संमती हवी होती.

पेठला गाडीचं पाणी उकळलं. चहाच्या टपरीवर बोरी बुद्रुकच्या एका शेतकऱ्याने मी कशाला चाललोय ते माझ्याकडून काढून घेतलं आणि तो भडकलाच.

"आमच्या पोरांच्या पत्रिका त्यांच्याच कागदावर लिवल्यात. त्यांना ऱ्हायाचंय का, इचारलं का कुनी?"

विचारलं नव्हतं. मी चहा संपवून गाडीत जाऊन बसलो.

जुन्नरला चाचीने आधी बाजरीची भाकरी आणि झणझणीत ठेचा वाढला. मग मी फॉर्म वाचून दाखवला. 'कोणत्या देशात जाऊ इच्छिता?' राहायचं असेल तर काय, याला रकानाच नव्हता.

"आमी हितंच हाओत की," चाचा म्हणाले. "गेलंय ते पोरगं. त्याला येऊ-जाऊ द्या म्हनावं. त्यो रकाना कुटंय?"

चाचीने पदर डोळ्याला लावला. "लई आठवन येते वो त्याची. पर घर सोडून न्हाई जायाचं."

चाचांनी फॉर्म उजेडाला धरला, बोटांत चोळून पाहिला. "कागद बरा हाय," म्हणाले आणि टराटरा फाडून रद्दी भिजवायच्या घमेल्यात टाकला. मी ओरडलो. एकच प्रत होती!

"पावनं, दोन दिस ऱ्हावा," चाचा म्हणाले.

माझी नोकरी पाण्यात भिजत होती. घरात बसवेना, म्हणून घाटघरला जाऊन नाणेघाट पाहिला. जकातीचा दगडी रांजण अजून तिथे आहे. जकात भरून माणसं वर यायची, परत कोकणात उतरायची. कायमचं कुठे राहणार, असं त्यांना कुणी विचारत नसावं. माझा राग तिथे प्रथमच चाचांवरून जिनिव्हाकडे वळला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलो तेव्हा लगदा जाळीवर उचलून, भिंतीवर वाळवून, दगडाने घोटून नवा ताव तयार होता. चाचांनी बोरूने लिहिलं, 'आम्ही जुन्नरचे. जाणार नाही. मुलाला भेटीला येऊ द्या.' खाली त्यांची सही, शेजारी चाचीचा अंगठा.

पुण्यात साहेब तो ताव पाहून कडाडले, "हे काय? फॉर्म कुठाय?"

इतकी वर्षं मी लोकांच्या दारी नुसते प्रश्न नेऊन टाकले होते. या खेपेला उत्तर आणलं होतं, आणि ते मी टपालात टाकणारच होतो. तावात छापील शाईचे निळे कण अजून दिसत होते.

"उजेडाला धरा साहेब," मी म्हणालो. "हाच तो फॉर्म."