बिडीच्या बंडलाचा कागद

धातू कापायच्या मिलिंग मशीनच्या टेबलावरचा लोखंडाचा कीस न झाडताच मी त्यावर तुकडा धरायचा शिकंजा आवळला. नागपूरच्या लिलावातून हौसेनं आणलेल्या त्या छोट्या मशीनवर मला बायकोच्या शिलाई मशीनचा तुटलेला भाग घडवायचा होता. शिकंजा तिरका बसला, भागही तिरका कापला गेला. आता पोलादाचा एकच तुकडा उरला होता. बायको पंधरा दिवस हातानं शिवत होती आणि माझ्याशी बोलत नव्हती.

शेवटी चांद्याच्या खाणीतल्या वर्कशॉपचे मिस्त्री आले. बाजारात नेहमी भेटायचे. बिडी ओढत नसत, पण बिडीच्या बंडलाचा पातळ कागद त्यांच्या टोपीत कायम खोचलेला असे. शिकंजा उचलून त्यांनी खाली तळहात फिरवला आणि हाताला लागलेला कीस मला नुसता दाखवला. टेबल पुसून शिकंजा परत बसवला. मग शिकंज्यात तुकडा ठेवून, त्याच्या चार कोपऱ्यांखाली कागदाच्या पट्ट्या सरकवून शिकंजा मलाच आवळायला लावला आणि एकेक पट्टी ओढून पाहिली. तीन घट्ट होत्या, चौथी सुटून हातात आली; म्हणजे तो कोपरा नीट टेकलाच नव्हता.

"एवढं चालेल की," मी म्हणालो.

"कसं चालन, गुरुजी? तुकडा एकच आहे ना."

तीनदा त्यांनी सगळं सोडवलं. चौथ्यांदा एकही पट्टी हलेना, तेव्हाच मान डोलावली.

संध्याकाळी नवा भाग बसला आणि शिलाई मशीन चालू लागलं. "आता मला जमलं," मी जाहीर केलं.

मिस्त्री बायकोकडे वळले. "बाई, गुरुजीले आधी झाडू माराले शिकवा. मशीन मंग."